लाकडी विमानांची रात्रपाळी

काळोखात एक छोटं विमान उतरतं. धावपट्टी म्हणजे कापणी झालेलं शेत, आणि तिच्या कडेला ओळीने ठेवलेले मोजके रॉकेलचे कंदील. कंदिलांनाही आडोसा केलेला असतो, म्हणजे त्यांचा उजेड उतरणाऱ्या विमानालाच दिसावा, वर घिरट्या घालणाऱ्या शत्रूला नाही. विमान पुरतं थांबायच्या आत अंधारातून मुली धावत येतात. दोघी पंखांची टोकं धरून ते वळवतात, एक पेट्रोलची नळी घेऊन वर चढते, एक टॉर्च रोखून इंजिन चाचपते, आणि बाकीच्या चिखलात गुडघे टेकून पंखांखाली बॉम्ब अडकवायला लागतात. जाड हातमोजे घालून फ्यूज बसवता येत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीतही हात उघडेच. वैमानिक मुलगी बहुतेक वेळा खाली उतरतच नाही. कुणीतरी हातात दिलेला चहा ती बसल्या जागी पिते. तिची नॅव्हिगेटर तेवढी धावत जाऊन मागच्या फेरीचा अहवाल देऊन येते. पाचेक मिनिटांत विमान पुन्हा हवेत.

असं एका रात्रीत आठ वेळा, दहा वेळा. हिवाळ्यातल्या लांबलचक रात्री त्याहूनही जास्त.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हवाईदलाची 588वी रात्रकालीन बॉम्बफेकी रेजिमेंट अशी काम करत होती. वैमानिक मुली, नॅव्हिगेटर मुली, मेकॅनिक मुली, बॉम्ब चढवणाऱ्या मुली. कमांडरपासून इंजिन पुसणारीपर्यंत एकही पुरुष नाही. समोरचे जर्मन सैनिक त्यांना ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हणायचे. या नावात नाट्य ठासून भरलेलं असल्यामुळे पुढे चित्रपट, कादंबऱ्या, गाणी सगळं त्यावर निघालं. पण त्या नावामागची खरी गोष्ट काय असेल तर ती एका रात्रपाळीची आहे. वेळापत्रक, सराव, पाळीची अदलाबदल, कमी पडणारी झोप आणि कुणी गेली तर तिच्या जागी दुसरी तयार ठेवणं, यावर ही रेजिमेंट चालली. शौर्य होतंच, पण ते पाळीवर वेळेत हजर राहण्यात होतं.

सुरुवात होते मरीना रास्कोवापासून. तिला आधी गायिका व्हायचं होतं. मग हवाईदलाच्या अकादमीत नकाशे-आराखडे काढायची नोकरी लागली आणि तिथेच ती नॅव्हिगेटर झाली. सोव्हिएत हवाईदलातली त्या कामाची पहिली बाई. 24 सप्टेंबर 1938 रोजी व्हॅलेंतिना ग्रिझोदुबोवा, पोलिना ओसिपेंको आणि रास्कोवा या तिघी ‘रोदिना’ नावाच्या विमानातून मॉस्कोहून थेट अतिपूर्वेकडे निघाल्या. साडेसव्वीस तासांच्या उड्डाणानंतर इंधन संपलं आणि विमान पोटावर उतरवायची वेळ आली. नॅव्हिगेटरची जागा विमानाच्या नाकात, काचेच्या कोठडीत. तशा उतरण्यात ती पहिल्यांदा चिरडली जाणार. म्हणून रास्कोवाने पॅराशूट घेऊन खाली जंगलात उडी मारली. तैगाच्या दलदलीत, जवळजवळ अन्नावाचून, दहा दिवस चालून ती विमानापाशी पोचली. त्या तिघी ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रिया ठरल्या आणि रास्कोवा घराघरात माहीत झाली.

जून 1941 मध्ये जर्मनीने आक्रमण केलं तेव्हा रास्कोवाच्या टपालात पत्रांचे ढीग येऊ लागले. सगळ्या मुलींचा प्रश्न एकच : मला विमान चालवता येतं, मग मला आघाडीवर का घेत नाहीत? हा प्रश्न हवेतला नव्हता. तिसाच्या दशकात सोव्हिएत सरकारने गावोगाव हवाई क्लब काढले होते. कारखान्यात काम करणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुली सुटीच्या दिवशी तिथे जाऊन उडायला शिकल्या होत्या. कित्येक जणी तिथेच प्रशिक्षक म्हणून मुलांना शिकवत होत्या. शिकवलेली मुलं आघाडीवर गेली आणि शिकवणाऱ्या मागे राहिल्या. रास्कोवाने आपली ओळख आणि वजन वापरून स्टालिनकडून परवानगी मिळवली. 8 ऑक्टोबर 1941 च्या आदेशाने स्त्रियांच्या तीन रेजिमेंट उभ्या करायचं ठरलं : 586वी लढाऊ विमानांची, 587वी दिवसा बॉम्बफेक करणारी आणि 588वी रात्रीची.

जर्मन फौजा मॉस्कोच्या वेशीवर असताना, त्याच महिन्यात, निवडलेल्या मुलींची मालगाडी राजधानीतून निघाली. सारातोव्हसमोर व्होल्गाच्या काठी एंगेल्स नावाचं गाव आहे, तिथे हवाई प्रशिक्षण केंद्र होतं. एरवी तिथे पोचायला जेवढा वेळ लागायचा त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. आठवड्याहून जास्त दिवस गाडी रखडत, थांबत गेली, कारण रुळांवर आधी आघाडीकडे जाणारी रसद आणि पूर्वेकडे हलवले जाणारे कारखाने.

एंगेल्सला पोचल्यावर पहिली वाटणी झाली, आणि पहिला रडण्याचा कार्यक्रमही. प्रत्येकीला लढाऊ वैमानिक व्हायचं होतं. क्लबमध्ये भरपूर तास उडालेल्या वैमानिक झाल्या. विद्यापीठात गणित, भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र शिकणाऱ्या मुलींना नॅव्हिगेटर केलं गेलं. तांत्रिक शाळेतल्या आणि कारखान्यातल्या मुली मेकॅनिक झाल्या. वाटणी निष्ठुर होती, पण शहाणपणाची होती. रात्रीच्या उड्डाणात वाऱ्याने विमान किती वाहवत जातंय याचा हिशेब मनातल्या मनात आणि झटपट करावा लागतो, आणि गणिताच्या विद्यार्थिनीला ते इतरांपेक्षा लवकर जमतं.

मग गणवेश आला. तो सगळा पुरुषांच्या मापाचा : आतले कपडेसुद्धा. पँट छातीपर्यंत येणाऱ्या, कोटाच्या बाह्या गुडघ्याशी, बूट इतके मोठे की पुढे कागदाचे बोळे कोंबल्याशिवाय चालता येईना. दुसरा आदेश केसांचा निघाला. सगळ्यांनी केस मुलांसारखे बारीक कापायचे. वेणी ठेवायची असेल तर स्वतः रास्कोवाची परवानगी घ्यायची. इतक्या मोठ्या बाईकडे एवढ्याशा गोष्टीसाठी कोण जाणार? न्हाव्याच्या खुर्चीखाली वेण्यांचा ढीग पडला.

शांततेच्या काळात जे शिकवायला दोन-तीन वर्षं लागत ते इथे सहा-सात महिन्यांत बसवायचं होतं. दिवसाला दहा-दहा तास वर्ग, वर कवायत, वर उड्डाण. नॅव्हिगेटर मुली चालता-जेवता बोटांनी मोर्सचे ठोके वाजवत. हिवाळा त्या वर्षी भयंकर होता आणि विमानाचं कॉकपिट उघडं. चेहरे गोठू नयेत म्हणून चिचुंद्रीसारख्या प्राण्याच्या मऊ कातड्याचे मुखवटे दिले होते, तरी गालांवर हिमदंशाचे चट्टे उठतच. सगळ्यात अवघड विषय म्हणजे रात्री, खालचं काहीही दिसत नसताना, फक्त उपकरणांकडे बघून उडणं. माणसाचा आतला तोल अंधारात साफ फसवतो. विमान वळत खाली चाललेलं असतं आणि डोकं सांगत असतं की आपण सरळ चाललो आहोत. तेव्हा शरीर काय म्हणतंय ते सोडून समोरच्या काट्यावर विश्वास ठेवायचा, ही सवय लावणं हेच त्या सरावाचं सार. मार्च 1942 मधल्या एका रात्री सरावादरम्यान हिमवादळ उठलं, जमीन आणि आकाश एकच पांढरं झालं, आणि चार मुली मरण पावल्या. आघाडी अजून शेकडो किलोमीटर दूर होती.

आता त्या विमानाविषयी. यु-2, पुढे रचनाकार पोलिकार्पोव्हच्या नावावरून पो-2. 1928 साली पहिल्यांदा उडालेलं, शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेलं दुपंखी यंत्र. लाकडी सांगाडा, वर ताणून बसवलेलं कापड, पाच सिलिंडरचं जेमतेम शंभर अश्वशक्तीचं इंजिन. शांततेच्या काळात ते शेतांवर औषध फवारायला आणि टपाल न्यायला वापरत. कमाल वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि बॉम्ब लटकवल्यावर शंभर-सव्वाशे. रेडिओ नाही. पुढे वैमानिक, मागे नॅव्हिगेटर, दोघींमध्ये बोलायला एक रबरी नळी. सुरुवातीला संरक्षणासाठी मशीनगनसुद्धा नव्हती, होतं ते कमरेचं पिस्तूल. पॅराशूट 1944 पर्यंत घेतच नसत. तेवढ्या वजनात आणखी बॉम्ब नेता येतो, हा हिशेब.

असलं विमान आधुनिक सैन्यापुढे टिकलं कसं? त्याच्या दुबळेपणातच थोडं उत्तर आहे. मेसरश्मिटसारखं वेगवान लढाऊ विमान ज्या किमान वेगाखाली गेलं तर कोसळतं, साधारण त्या वेगात पो-2 आरामात उडत असे. पाठलाग करणारा जर्मन वैमानिक क्षणार्धात पुढे निघून जाई, आणि वळून येईपर्यंत हे खेळणं झाडांच्या उंचीवर कुठेतरी नाहीसं झालेलं असे. कापडातून गोळी आरपार गेली तर भोक पडायचं. मेकॅनिक मुलगी सकाळी त्यावर ठिगळ डकवायची. ते कुठल्याही कुरणातून उडू शकत होतं, त्यामुळे आघाडीपासून वीस-तीस किलोमीटरवर मुक्काम ठोकता येई आणि फेरी तासाभरात पुरी होई. पण तेच कापड जळणारी गोळी लागली की क्षणात पेट घेई, आणि मग करण्यासारखं काही उरत नसे.

लक्ष्याजवळ आल्यावर वैमानिक इंजिन मंद करी आणि विमान घरंगळत खाली सोडी. इंजिन पूर्ण बंद करत, मग नॅव्हिगेटर पंखावर उतरून ते चालू करी वगैरे वर्णनं पुष्कळ छापली जातात. ती वाचायला छान आहेत, पण त्या इंजिनाचा पंखा जमिनीवरून हाताने फिरवून चालू करावा लागे, हे लक्षात घेतलं की त्यातला रंग कळतो. इंजिन मंद फिरत असे, एवढंच पुरेसं होतं. खालच्या खंदकात झोपलेल्या सैनिकाला आधी तारांमधून वारा कापल्याची सळसळ ऐकू येई, लगेच बॉम्ब. काही मिनिटांनी पुन्हा. त्यानंतर पुन्हा. रेजिमेंटची विमानं तीन-चार मिनिटांच्या अंतराने निघत, त्यामुळे रात्रभर खंड पडत नसे. एकेका विमानातले दोनशे-तीनशे किलोचे बॉम्ब म्हणजे मोठ्या बॉम्बफेकी विमानांपुढे काहीच नाही. पण दारूगोळ्याची कोठारं, पेट्रोलच्या टाक्या, नदीवरचे पूल यांना तेवढे पुरतात. आणि शत्रूची झोप मोडणं हेही लक्ष्य होतंच. दिवसा लढायचं असलेल्या सैनिकाला सलग आठवडाभर झोपू दिलं नाही तर तो कसा लढेल याचा अंदाज कुणालाही येईल.

सर्चलाइटवर त्यांनी काढलेला तोडगा मुद्दाम सांगण्यासारखा आहे. दोन विमानं जोडीने जायची. पहिलं मुद्दाम आवाज करत पुढे, म्हणजे सगळे झोत आणि सगळ्या तोफा त्याच्याकडे वळत. ते वेडंवाकडं वळत निसटायचा प्रयत्न करत असताना दुसरं विमान अंधाऱ्या बाजूने घरंगळत येऊन बॉम्ब टाकी. मग भूमिकांची अदलाबदल. झोताच्या उजेडात सापडलेल्या वैमानिकेला समोरची उपकरणं दिसेनाशी होत. तेव्हा मान खाली घालून, बाहेर न बघता काटे वाचायचे, हे एंगेल्सच्या शिकवणीतलं.

ही सगळी हुशारी पहिल्या दिवसापासून नव्हती. मे 1942 च्या अखेरीस रास्कोवाने स्वतः पुढे राहून रेजिमेंट दक्षिण आघाडीवर आणून सोडली. वाटेत सोबतीला आलेल्या आपल्याच लढाऊ विमानांनी गंमत म्हणून खोटा हल्ला केला, आणि या मुली शत्रू समजून सैरावैरा पांगल्या. पंखांवरचा लाल ताराही ओळखता येत नाही, म्हणून मुलांनी पुढे कितीतरी दिवस खिल्ली उडवली. ज्या डिव्हिजनमध्ये त्यांना टाकलं तिच्या कमांडरला, कर्नल पोपोव्हला, शंभरावर पोरी आपल्या गळ्यात बांधल्याचं मुळीच रुचलं नव्हतं. त्याने सुरुवातीला त्यांना अशी लक्ष्यं दिली जिथून गोळीबारही होत नसे. जूनमधल्या पहिल्याच मोहिमांत मात्र स्क्वाड्रन कमांडर ल्युबोव्ह ओल्खोव्स्काया आणि नॅव्हिगेटर व्हेरा तारासोवा परतल्या नाहीत. पोपोव्हचं मत बदलायला फार महिने लागले नाहीत. फेब्रुवारी 1943 मध्ये रेजिमेंटला ‘गार्ड्स’ हा मानाचा दर्जा मिळाला आणि तिचं नाव 46वी गार्ड्स झालं. त्याच वर्षी तामान द्वीपकल्पावरच्या लढाईनंतर ‘तामान’ हे बिरुदही जोडलं गेलं.

हा बदल ज्या बाईमुळे घडला ती रेजिमेंटची कमांडर, येव्दोकिया बेर्शान्स्काया. अठ्ठावीस वर्षांची, नागरी विमानसेवेतून आलेली, कमी बोलणारी, आणि आवाज न चढवणारी. माझ्या मते या रेजिमेंटच्या इतिहासात तिचा सगळ्यात मोठा पराक्रम आकाशातला नसून धावपट्टीवरचा आहे. नियमाप्रमाणे प्रत्येक विमानाला त्याचे ठरलेले मेकॅनिक असत. आपलं विमान आलं की कामाला लागायचं, नाहीतर वाट बघायची. त्यामुळे एकीकडे चार मुली रिकाम्या आणि दुसरीकडे विमान ताटकळत. बेर्शान्स्कायाने वरच्यांना न विचारता हा नियम मोडला. एक गट फक्त आलेलं विमान जागेवर नेईल, एक गट फक्त पेट्रोल भरेल, एक फक्त बॉम्ब चढवेल. विमान कुणाचंही असो. पहिले काही दिवस मेकॅनिक मुलींनी कुरकुर केली, कारण ‘आपलं’ विमान दुसरीच्या हातात द्यायचं म्हणजे जिवावर येई. नंतर फेऱ्यांचे आकडे बघून त्याच गप्प झाल्या. बॉम्ब चढवणाऱ्या मुली पंचवीस, पन्नास आणि शंभर किलोचे बॉम्ब हातांनी उचलत. एकेकीने रात्रीत उचललेलं वजन टनांत भरे. त्यांची नावं पदकांच्या याद्यांत क्वचितच सापडतात.

पहाटे शेवटचं विमान उतरलं की पाळी सुटे. विमानं ढकलत झाडांखाली न्यायची, वर फांद्या टाकायच्या. 1942 च्या शरदात कॉकेशसच्या पायथ्याशी असिनोव्स्काया गावात मुक्काम होता, तिथे विमानं सफरचंदांच्या बागेत लपवलेली असत. मग न्याहारी, अहवाल आणि झोप : कधी शाळेच्या खोलीत, कधी गोठ्यात, कधी जमिनीत खणलेल्या खंदकात. दोन-चार तास झाले की मेकॅनिक मुली उठून इंजिनं खोलत, वैमानिक आणि नॅव्हिगेटर पुढच्या रात्रीचे नकाशे घेऊन बसत. आघाडीची रेषा कुठे सरकली, तोफा कुठे हलवल्या, चंद्र कधी उगवणार, वारा कुठून. अंधार पडता पडता पहिलं विमान निघे.

एवढी झोप पुरत नसे, आणि त्यावरचा उपाय अधिकृत नव्हता. पो-2 मूळचं शिकवण्याचं विमान असल्यामुळे दोन्ही कॉकपिटमध्ये नियंत्रणाचा दांडा होता. काही जोड्यांनी ठरवूनच टाकलं होतं, जाताना नॅव्हिगेटर डुलकी घेणार आणि बॉम्ब टाकून परत येताना वैमानिक, विमान सांभाळणार नॅव्हिगेटर. ऐकताना अंगावर काटा येतो, पण ज्यांना रात्रीत दहा फेऱ्या मारायच्या असतात त्यांना दुसरा मार्ग कुठला?

हवा खराब असली की सुटी. मग नाच, गाणी, कविता, हस्तलिखित मासिक. भरतकामाचं वेड तर सगळ्यांनाच होतं. बूट घालण्यापूर्वी पायांना गुंडाळायच्या कापडी पट्ट्यांवर निळी फुलं काढलेली असत, आणि त्यासाठी लागणारा निळा दोरा त्याच पुरुषी मापाच्या आतल्या कपड्यांतून उसवून काढलेला. या कपड्यांवरून एक प्रकरण गंभीर वळणावर गेलं. हवेतून सोडायच्या प्रकाशबॉम्बला लहानसं रेशमी पॅराशूट असतं. दोन मुलींनी एक बॉम्ब उघडून ते काढलं आणि आपल्या मापाचे आतले कपडे शिवले. लष्करी न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. आघाडीवर राहून ती फेडायची मुभा मिळाली. दोघी पुढे नॅव्हिगेटर झाल्या, आणि त्यातली एक उड्डाणात मारली गेली. बायकांच्या मापाची अंतर्वस्त्रं वेळेवर न पुरवणाऱ्या खात्यावर खटला भरल्याचं ऐकिवात नाही.

एप्रिल 1943 मधली एक फेरी. नोव्होरोसिस्कवरून परतताना वैमानिक येव्दोकिया नोसालला कॉकपिटमध्येच गोळ्याचा तुकडा डोक्यात लागला. युद्धाच्या पहिल्याच दिवसांत बॉम्बहल्ल्यात तिचं नवजात बाळ गेलं होतं. ती जागच्या जागी गेली आणि तिचं शरीर दांड्यावर कोसळलं. विमान खाली झेपावू लागलं. मागे ग्लाफिरा काशिरिना, तिची नॅव्हिगेटर. तिने उभं राहून एका हाताने मैत्रिणीला कॉलरला धरून मागे ओढून ठेवलं, दुसऱ्या हाताने आपल्याकडचा दांडा धरला, आणि तसंच विमान तळावर आणून उतरवलं. नोसाल ही ‘सोव्हिएत संघाचा वीर’ किताब मिळालेली या रेजिमेंटमधली पहिली, मरणोत्तर. काशिरिनाला पुढे जेमतेम तीन महिने मिळाले.

31 जुलै 1943 च्या रात्री कुबान भागात विमानं निघाली तेव्हा सर्चलाइट नेहमीसारखे पेटले, पण तोफा गप्प होत्या. मागून येणाऱ्या मुलींना ते विचित्र वाटलं. झोतात सापडलेलं पुढचं विमान एकाएकी पेटलं, त्यातली रंगीत इशाऱ्याची काडतुसं जळत फुटू लागली, हिरवी, लाल. मग दुसरं. जर्मनांनी त्या रात्री प्रथमच तिथे रात्रीची लढाऊ विमानं आणली होती, आणि ती आपल्याच गोळ्यांनी पडू नयेत म्हणून तोफा बंद ठेवल्या होत्या. काय चाललंय हे कळेपर्यंत चार विमानं आणि आठ मुली गेल्या. त्यात काशिरिना होती. गालिना दोकुतोविचही होती. आदल्या वर्षी दोन फेऱ्यांच्या मध्ये गवतात पाठ टेकलेली असताना अंधारात पेट्रोलचा ट्रक तिच्या अंगावरून गेला होता. पाठीच्या कण्याला इजा झाली, डॉक्टरांनी सहा महिन्यांची रजा दिली, आणि ती रजेचा कागद लपवून कामावर परतली होती. मागे राहिली ती तिची रोजनिशी. ज्या शाळेत रेजिमेंट राहत होती तिथे त्या सकाळी आठ घडीच्या खाटा भिंतीला लावून मिटलेल्याच राहिल्या.

बदली माणसं कुठून आणायची? इतर रेजिमेंटना मागून प्रशिक्षित वैमानिक येत; इथे फक्त मुलीच घ्यायच्या असल्यामुळे तो पुरवठा तुटपुंजा. बेर्शान्स्काया आणि तिची प्रमुख स्टाफ अधिकारी इरिना राकोबोल्स्काया यांनी आघाडीवरच शाळा सुरू केली. नॅव्हिगेटर वैमानिक व्हायला शिकत, मेकॅनिक आणि बॉम्ब चढवणाऱ्या मुली नॅव्हिगेटर व्हायला. दिवसा वर्ग, रात्री लढाई. नॅव्हिगेटर म्हणून आलेली नाताल्या मेक्लिन अशीच वैमानिक झाली आणि युद्धाअखेर तिच्या नावावर 980 उड्डाणं होती. येव्गेनिया झिगुलेंको हीदेखील तशीच मागच्या कॉकपिटमधून पुढच्या कॉकपिटमध्ये आली. या दोघी पुढे सोव्हिएत संघाच्या वीर ठरल्या.

शाळेची मास्तरीण होती येव्गेनिया रुदनेवा, मॉस्को विद्यापीठात खगोलशास्त्र शिकणारी, ताऱ्यांवर पोसलेली, शिस्तीच्या कवायतीत कायम अडखळणारी मुलगी. रेजिमेंटची मुख्य नॅव्हिगेटर झाल्यावर तिने एक पद्धत पाडली : नवी वैमानिक पहिल्यांदा लढाईवर निघाली की मागच्या कॉकपिटमध्ये आपण बसायचं. एप्रिल 1944 मध्ये केर्चजवळ ती अशीच नवख्या पाना प्रोकोपिएवाबरोबर गेली. ते रुदनेवाचं 645वं उड्डाण. विमान पेटलं आणि दोघी गेल्या. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या एका लघुग्रहाला आज तिचं नाव आहे, 1907 रुदनेवा.

बॉम्बफेकीशिवायची कामंही पडत. 1943 च्या अखेरीस केर्चच्या किनाऱ्यावर एल्तिगेन इथे उतरलेली सोव्हिएत तुकडी वेढली गेली. तिच्याकडे अन्न, औषधं, काडतुसं पोचवायची तर समुद्रावरून येऊन किनाऱ्याच्या अगदी अरुंद पट्टीत, घरांच्या छपरांलगत गोण्या टाकायच्या. इकडेतिकडे झालं तर माल शत्रूच्या हातात. मोठ्या वेगवान विमानांना ते शक्यच नव्हतं. मुली इंजिन मंद करून खालच्या खलाशांना ओरडून सांगत, गोणी येतेय, डोकी सांभाळा.

1945 च्या हिवाळ्याअखेरीस पोलंडमध्ये तर चिखलाने विमानंच अडवली. चाकं रुतायची. मग कुंपणं मोडून, ओंडके आणून लाकडांची धावपट्टी अंथरली. ती इतकी आखूड होती की आठ-दहा जणी विमानाचे पंख धरून ठेवत, इंजिन पुऱ्या जोरात गर्जायला लागलं की एकदम सोडत.

युद्ध संपेपर्यंत या रेजिमेंटने तेवीस हजारांहून अधिक उड्डाणं केली आणि सुमारे तीन हजार टन बॉम्ब टाकले. इरिना सेब्रोवाची एकटीची उड्डाणं हजारावर गेली. नादेझ्दा पोपोवाची 852, आणि त्यातली अठरा एकाच रात्रीतली. रेजिमेंटमधल्या तेवीस जणींना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला. तीसहून अधिक मुली परतल्या नाहीत. स्वतः रास्कोवा जानेवारी 1943 मध्ये दुसऱ्या रेजिमेंटची विमानं स्टालिनग्राडकडे नेताना खराब हवेत सारातोव्हजवळ कोसळून गेली. तिच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत आहेत.

15 ऑक्टोबर 1945 रोजी रेजिमेंट बरखास्त झाली. लष्कराला आता या मुलींची गरज नव्हती आणि ते त्याने लपवलंही नाही. ज्या देशाने 1942 मध्ये मुलींना बॉम्बफेकी विमानं दिली त्यानेच शांतता येताच दारं बहुतांशी लावून घेतली. अमेरिकेने लढाऊ विमानं स्त्रियांना खुली केली 1993 साली, आणि भारतीय हवाईदलात अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या पहिल्या तिघी लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाल्या त्या जून 2016 मध्ये.

परतलेल्या मुलींनी आपापली जुनी अर्धवट आयुष्यं उचलली. राकोबोल्स्काया मॉस्को विद्यापीठात भौतिकशास्त्राची प्राध्यापक झाली आणि वैश्विक किरणांवर काम करत राहिली. 2016 साली ती वारली तेव्हा 96 वर्षांची होती. झिगुलेंको उतारवयात चित्रपट दिग्दर्शन शिकली आणि 1981 मध्ये तिने आपल्याच रेजिमेंटवर चित्रपट काढला. राकोबोल्स्काया आणि मेक्लिन यांनी मिळून लिहिलेलं रशियन पुस्तक आहे. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी अ‍ॅन नॉगल या अमेरिकन वैमानिक-छायाचित्रकार बाईने सोव्हिएत वैमानिक स्त्रियांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेऊन केलेलं ‘अ डान्स विथ डेथ’ आहे. या विषयावरचा एखादा भडक माहितीपट बघण्याआधी त्या मुलाखती वाचाव्यात. आणि वाचताना वैमानिकांबरोबर मेकॅनिक आणि बॉम्ब चढवणाऱ्या मुलींची पानं गाळू नयेत.